खोलीत कोणी नव्हतं

"वैजयंताताई, परीक्षेच्या वेळी तुमच्याजवळ कोण बसलं होतं?"

शिकलगार सरांनी हे विचारलं तेव्हा मी त्यांच्या कॉम्प्युटर क्लासच्या अर्ध्या ओढलेल्या शटरखालून वाकून आत येत होते. साथीचे दिवस होते आणि तालुक्याच्या बाजारपेठेतली निम्मी शटरं अशीच अर्ध्यावर असायची. सरांचा क्लास हेच आमच्या विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र. फॉर्म भरायचा तो इथे, काही अडलं तर विचारायचं तेही इथेच. बाकीचं सगळं शिक्षण फोनवर.

"कोण बसणार?" मी म्हटलं. "मी आणि तुमचा लॅपटॉप."

"मग हे ऐका."

त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. विद्यापीठाकडून पत्र आलं होतं आणि पत्राला आवाजाचा एक तुकडा जोडलेला होता. सरांनी तो लावला. माझाच आवाज, पुटपुटल्यासारखा. "राज्यपालांची नेमणूक कोण करतं? अ, मुख्यमंत्री. ब, राष्ट्रपती." मग जरा शांतता. आणि त्या शांततेत लांबून, पण अगदी स्पष्ट: "हं."

मला हसू आलं. सर हसले नाहीत.

"असे सतरा तुकडे आहेत ताई. सतराही वेळा तो 'हं' आला आणि लगेच तुम्ही उत्तर टिचकवलं. सतराही उत्तरं बरोबर. त्यांचं म्हणणं, खोलीत कोणीतरी जाणकार माणूस होता. तुम्ही पर्याय वाचायचे आणि त्यानं बरोबर पर्यायाला हं म्हणायचं."

"जाणकार माणूस!" मी म्हटलं. "सर, ती आमची आई आहे. तिला स्वतःची सहीसुद्धा येत नाही."

सर खुर्चीत मागे टेकले. पन्नाशीचा, शांत स्वभावाचा माणूस. माझ्यासारख्या चाळीसेक बायकांना त्यांनी फोनवरून पदवीच्या वर्गाला लावलं होतं आणि एकीवरही कधी आवाज चढवला नव्हता.

"आई होती?" ते म्हणाले. "पण तुम्ही सुरुवातीला खोली फिरवून दाखवली होती ना कॅमेऱ्याला?"

"दाखवली होती. तीन बाजू."

"आणि चौथी?"

चौथ्या बाजूला दोरीवर साडी टाकलेली होती आणि साडीमागे आईची बाज होती. हे मी सांगितलं तेव्हा सरांनी कपाळाला हात लावला.

हे सगळं कशामुळे झालं ते सांगायला हवं, नाहीतर मी वेंधळी वाटेन. तेव्हा मी एकोणचाळीस वर्षांची होते. नेसरीच्या पुढच्या एका गावात आमच्या दूध संस्थेत टेस्टर होते. सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सहा ते आठ दूध घ्यायचं, नमुना काढायचा, फॅट आणि डिग्री लावायची, म्हणजे दुधात स्निग्धांश किती आणि पाणी किती ते बघायचं. चौदा वर्षं हेच. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं आणि तेविसाव्या वर्षी मी कायमची माहेरी परत आले. त्याबद्दल अधिक काही सांगण्यासारखं नाही. वडील पुढे वारले, भाऊ पुण्याला. घरात मी आणि आई.

पदवीच्या वर्गाला नाव घातलं तेव्हा दूध घालायच्या रांगेतल्या लोकांना चेष्टेला विषय मिळाला. "वैजाक्का, दुधाला रोज डिग्री लावतीस, ती पुरं न्हाई व्हय तुला?" मीही तोंडाची फटकळ. म्हणायची, "तुमच्या दुधाला लागत न्हाई, म्हणून मलाच लावून घेतो." पण आत कुठेतरी मी ती पदवी फार मनावर घेतली होती. त्या वर्षी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात सुपरवायझरची जागा निघाली होती. अनुभव चौदा वर्षांचा होताच. संस्थेच्या सेक्रेटरींनी शिफारस लिहून दिली होती. फक्त पदवीधर असल्याचा कागद जुलैअखेर द्यायचा होता. तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला की झालं. राज्यशास्त्राचा तो पेपर शेवटचा होता.

आणि त्याचाच निकाल राखून ठेवला होता.

आईचं असं होतं की चार वर्षांपासून तिच्या डोळ्यांना दिसायचं बंद होत आलं होतं. उजेड कळायचा, माणूस कळायचं नाही. त्यात त्या उन्हाळ्यात न्हाणीत पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हलवायचं नाही म्हणून बजावलेलं. बाज सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, कारण आत जायला दोन पायऱ्या उतराव्या लागतात. आणि फोनला रेंज यायची तीही सोप्यातच, खिडकीच्या उजव्या बाजूला. घरात दुसरीकडे कुठे इंटरनेट चालायचं नाही. साथीमुळे आईला कुणाकडे ठेवायची सोय नव्हती आणि परीक्षा ज्याने त्याने आपल्या घरूनच द्यायची होती.

तीन वर्षं मी दुपारी दोन वाजता पुस्तक काढून आईजवळ बसायची आणि मोठ्याने वाचायची. आईला दिसत नाही, एकटी बसून असते, तेवढाच तिचा वेळ जाईल म्हणून. मी वाचायची आणि ती हं म्हणायची. आमच्याकडे कुणी काही सांगत असलं की ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचाच असतो. लहानपणी आई गोष्ट सांगायची तेव्हा आम्ही हं म्हटलं नाही तर ती तिथेच थांबायची. आता ती समाजशास्त्रालाही हं म्हणायची आणि बँकांच्या राष्ट्रीयीकरणालाही.

परीक्षेच्या दिवशी मी तिला सांगितलं होतं, "आई, दोन तास गप पडून राहा. बोललीस तर माझा पेपर जातोय." ती म्हणाली बरं. पहिली दहा मिनिटं मी मनातल्या मनात वाचून उत्तरं दिली. मग साडीमागून हाक आली, "वैजू! गेलीस काय गं?" चांगली खणखणीत हाक, पण परीक्षेचं यंत्र माझे ओठ हलले की तेवढाच आवाज टिपायचं, म्हणून ती पकडली गेली नाही. दिसत नसल्यामुळे तिला माझा आवाज थांबला की मी उठून गेले असंच वाटायचं. मी विचार केला, ही आता दर पाच मिनिटांनी ओरडणार. त्यापेक्षा मीच हळू आवाजात वाचत राहिले तर ती गप पडेल. म्हणून मी पुटपुटायला लागले. आणि मी जिथे थांबायची तिथे ती हं म्हणायची. थांबायची मी उत्तर सापडलं की. त्यामुळे तिचा हुंकार नेमका बरोबर उत्तरावर पडत गेला.

"आता हे कोणाला पटणार?" शिकलगार सर म्हणाले. "मला पटतंय, कारण मी तुम्हाला ओळखतो. पण नियमात स्वच्छ लिहिलंय, खोलीत दुसरी व्यक्ती नको. ती शिकलेली असो की अडाणी. आई होती म्हणून कबूल केलंत की पेपर गेला."

"मग काय करू?"

त्यांनी पत्र पुन्हा वाचलं. गुरुवारी अकरा वाजता ऑनलाइन सुनावणी. ज्या जागेवरून परीक्षा दिली त्याच जागेवरून हजर राहायचं होतं.

"आवाज शेजारच्या टीव्हीचा होता म्हणा," सर म्हणाले. त्यांनाही ते सांगताना बरं वाटत नव्हतं, सारखे चष्मा पुसत होते. "जुनी घरं, भिंतीला भिंत लागून. खोलीत कोणी नव्हतं एवढंच सांगा. ठामपणे. त्यांच्याकडे दुसऱ्या कुणाचं चित्र नाही, फक्त आवाज आहे."

मी घरी येईपर्यंत ते वाक्य बसमध्ये घोकत आले. खोलीत कोणी नव्हतं. खोटं बोलायचं मला वावडं होतं असं नाही. दुधात पाणी घालणाऱ्यांना तोंडावर पकडत असले तरी घरी पाहुण्यांना "सगळं बरं आहे" असं मी सोळा वर्षं सांगत आले होते. हेही त्यातलंच एक, असं मी मनाला समजावलं.

गुरुवारी सकाळचं दूध झाल्यावर मी आईची वेणी घातली, तिला पेज भरवली आणि साडी दोरीवर नीट ओढून घेतली.

"आई, आज मोठ्या सायबांचा फोन हाय. अर्धा तास. एक शब्दसुदिक बोलायचा न्हाई."

"न्हाई बोलत."

"माझा आवाज थांबला तरी मी हितंच हाय. हाक मारायची न्हाई."

"न्हाई मारत म्हटलं की गं. मी काय बारकं पोर हाय?"

अकरा वाजता स्क्रीनवर तीन चौकोन उघडले. एकात टेंबुलकर सर, समितीचे अध्यक्ष, पांढरे केस आणि मागे पुस्तकांचं कपाट. दुसऱ्यात शिरभाते मॅडम, माझ्याच वयाच्या असतील. तिसऱ्या सदस्यांचा कॅमेरा वर वळलेला होता, त्यामुळे तिथे फक्त छताचा पंखा फिरताना दिसत होता. तो पूर्ण वेळ तसाच दिसत राहिला.

"वैजयंता रेडेकर?" टेंबुलकर सरांनी विचारलं. आवाज कडक नव्हता, दमलेला होता. त्या दिवशीची ती त्यांची कितवी सुनावणी होती कोण जाणे. "पत्र मिळालं? आवाजाचे तुकडे ऐकलेत?"

"हो सर."

"खोली दाखवा पाहू."

मी लॅपटॉप उचलून फिरवला. खिडकी, दार, फडताळ, साडी.

"त्या साडीमागे काय आहे?"

"ज्वारीची पोती, सर."

माझं उत्तर इतक्या पटकन आलं की माझं मलाच नवल वाटलं. शिकलगार सरांनी हे शिकवलेलं नव्हतं. हे माझं स्वतःचं.

"बरं. आता मला सांगा, तुम्ही प्रश्न मोठ्याने का वाचत होता?"

"सवय आहे सर. लहानपणापासून मोठ्याने वाचायची सवय आहे."

"आणि तो दुसरा आवाज?"

"शेजारच्या घरातला टीव्ही. आमची घरं जुनी आहेत, भिंतीला भिंत लागून."

शिरभाते मॅडमनी काहीतरी लिहून घेतलं. टेंबुलकर सरांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "रेडेकरबाई, मी स्पष्ट विचारतो आणि तुम्ही स्पष्ट सांगा. परीक्षेच्या वेळी तुमच्या खोलीत दुसरं कोणी होतं का?"

मी पाठ ताठ केली. "नाही सर. खोलीत कोणी नव्हतं."

आणि थांबले.

"हं," साडीमागून आवाज आला.

तोच आवाज. त्याच पट्टीतला, तसाच सावकाश, सतरा तुकड्यांत होता तसा. टेंबुलकर सरांनी डोळे मिटले. पंख्याच्या चौकोनातून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला आणि लगेच तिथला माईक बंद झाला. माझ्या कानांतून वाफा निघाल्यासारखं झालं. अजूनही ती गोष्ट आठवली की मी कुठेही असले तरी मान खाली घालते.

"पोती बोलतात वाटतं," टेंबुलकर सर म्हणाले.

मी उठले आणि दोरीवरची साडी ओढून खाली टाकली. मग लॅपटॉप बाजेकडे वळवला. आई उताणी पडून होती, पांढरी वेणी खांद्यावर आणि चेहरा आवाजाच्या दिशेने वळलेला.

"ही माझी आई," मी म्हटलं. "आक्काताई. हिला दिसत नाही आणि उठता येत नाही. परीक्षेलाही इथेच होती. मी खोटं बोलले सर."

मग शिरभाते मॅडम पुढे झुकल्या.

"आजी, नमस्कार. मी विद्यापीठातून बोलते आहे."

आई गप्प. मी म्हटलं, "बोल आई, आता बोललीस तरी चालतंय."

"नमस्कार बाई," आई म्हणाली. "ही म्हणाली एक शब्द बोलायचा न्हाई. हं काय शब्द हाय व्हय?"

"नाही आजी," मॅडम म्हणाल्या. "परवा मुलगी पेपर लिहीत होती, तेव्हा तुम्ही तिला काय सांगत होता?"

"मी काय सांगणार बाई? सांगत ती होती. मी ऐकत होतो." आमच्या भागात बायकाही मी येतो, मी ऐकतो असंच बोलतात, त्याचं मॅडमना काही वाटलेलं दिसलं नाही.

"मी एक वाचून दाखवू?"

"वाच की."

मॅडमनी समोरचा कागद उचलला. "लोकसभेची मुदत किती? पर्याय अ, पन्नास वर्षं." त्या थांबल्या.

"हं," आई म्हणाली.

"पर्याय ब, दीड महिना."

"हं."

"पर्याय क, लोकसभा नावाचं काही नसतंच."

"हं," आई म्हणाली. मॅडम काहीच बोलेनात तशी तिने विचारलं, "मग? पुढं काय झालं?"

आता टेंबुलकर सरसुद्धा हसले. हसताना त्यांचा दमलेला चेहरा एकदम घरातल्या माणसासारखा झाला आणि मला क्षणभर वाटलं, सुटलो. सगळं मिटलं. मी मनातल्या मनात शीतकरण केंद्राच्या पायऱ्यासुद्धा चढले.

त्यांनी आम्हाला थांबायला सांगून आपापसात बोलणं केलं. दहा मिनिटं स्क्रीनवर नुसतं 'प्रतीक्षा करा' असं लिहून येत होतं. मग तिघं परत आले.

"रेडेकरबाई," टेंबुलकर सर म्हणाले, "तुम्ही नक्कल केलेली नाही याबद्दल आमची खात्री पटली आहे. तो ठपका आम्ही काढून टाकतो आहोत. या साथीत किती घरांत एकच खोली आहे, हे आम्हालाही कळतं. खोलीत आजारी माणूस होतं अशी चार प्रकरणं या आठवड्यात आली. चौघांनाही आम्ही ताकीद देऊन सोडलं, निकाल लावले."

मी मान हलवली.

"तुम्ही माझ्या पहिल्याच प्रश्नाला 'आई होती' म्हणाला असतात तर तुमचाही लावला असता. पण तुम्ही समितीसमोर खोटं बोललात. एकदा नाही, तीनदा. ते नोंदलं गेलंय. मला ते पुसता येत नाही." शिरभाते मॅडम खाली बघत होत्या. "हा एक पेपर रद्द होईल. डिसेंबरात पुन्हा द्या. केंद्रावर बसून द्या म्हणजे हा त्रास नको."

"सर, जुलैअखेर मला..." मी सुरू केलं आणि सोडून दिलं. त्यांना जुलैचं सांगून काय उपयोग होता?

चौकोन एकेक करून बंद झाले. शेवटी पंखा गेला.

डिसेंबरात मी तो पेपर दिला आणि पास झाले, पदवी मिळाली. शीतकरण केंद्रातली जागा मात्र ऑगस्टमध्येच भरली होती. गारगोटीकडची एक मुलगी आली, हुशार होती, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या दिवशी मात्र मला हे पुढचं काहीच दिसत नव्हतं. मला एवढंच दिसत होतं की चौदा वर्षांत एकदाच उघडलेलं दार मी माझ्याच तोंडाने लावून घेतलं.

शिकलगार सरांचा फोन आला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, माझं चुकलं. मीच तुम्हाला तसं शिकवलं."

"तुम्ही टीव्ही शिकवलात सर," मी म्हटलं. "पोती माझी होती."

दुपारचे दोन वाजले. मी चुलीपाशी नुसती बसून होते. आईची पेजेची वाटी विसळायची राहिली होती, ती तशीच पडली होती. बाजेवरून हाक आली.

"वैजू, आज वाचायचं न्हाई?"

मी सोप्यात जाऊन बाजेच्या कडेला बसले. तिच्याकडे बघायचा मला धीर होत नव्हता. तिला दिसत नाही हे माहीत असूनसुद्धा मी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"आई, मी तू न्हाईस म्हणून सांगितलं त्यांना."

"ऐकलं की."

"पोती हाईत म्हणून सांगितलं."

"व्हय. जोंधळा तर गेल्या साली सपला."

"राग आला?"

तिने पदराची कड चाचपून सारखी केली. मग मला जे विचारायचं होतं ते मी विचारलं. "तू हं का म्हटलीस? मी म्हटलं खोलीत कोण न्हवतं, आन् तू हं म्हटलीस."

"तू बोललीस, मी हं म्हटलं," आई म्हणाली. "ऐकणाऱ्याचं काम तेवढंच. खरं का खोटं ते तुझं तुला ठावं."

तिने तसं म्हणताना मला टोचायचा तिचा हेतू असता तर मला सोपं गेलं असतं, मी उलटून बोलले असते. पण ती कुणाला डाळ किती घालायची ते सांगावं तशा आवाजात बोलली.

"आता तुझी करमणूक बंद," मी शेवटी म्हटलं. काहीतरी चेष्टेचं बोलावं म्हणून. "नवी पुस्तकं सपली. तुला वाचून दाखवायला आता नवीन काय ऱ्हायलं न्हाई."

"मला?" आई म्हणाली. "मला काय कळतंय त्यातलं?"

"मग तीन वर्सं ऐकत होतीस ती?"

आईने हात चाचपत पुढे केला. माझा गुडघा सापडला त्यावर ठेवला.

"आगं, तू तिकडनं परत आलीस तवापासनं घरात तुझं तोंड बंद. भाईर रांगंत बोलायचीस, चेष्टा करायचीस, ते कानावर यायचं. घरात आलीस की मुकी. भाकरी कर, भांडी घास, झोप. किती वर्सं? मी मोजली न्हाईत. मग त्ये फोनवरचं शिक्षान सुरू झालं आन् तू मोठ्यानं वाचाय लागलीस. मी म्हटलं, काय का असंना, पोरगी घरात बोलाय तरी लागली. ऐकणारं कोण न्हाई म्हटल्यावर माणूस परत गप होतंय. म्हणून मी आपलं हं म्हणत ऱ्हायलो."

मला रडू आलं. एवढी मोठी बाई, पण बाजेची दोरी धरून मी लहान मुलीसारखी रडले. जागा गेल्याचं ते रडू नव्हतं, किंवा थोडं असेलही. तीन वर्षं मी गावभर सांगत होते, आईसाठी मोठ्याने वाचते, तिचा वेळ जात नाही म्हणून. आणि जिचा वेळ जात नव्हता ती माझ्यासाठी जागी राहत होती. आणि तिलाच मी पोती केली.

आईने मला रडू दिलं. थांब म्हणाली नाही. माझं झाल्यावर तिने विचारलं, "सायेब काय म्हणाला शेवटाला? मला नीट आयकू आलं न्हाई."

"एक पेपर रद्द. डिसेंबरात परत द्यायचा. त्या पुस्तकाचा अभ्यास परत करायचा."

"परत? सगळं पुस्तक?"

"सगळं. पहिल्या पानापासनं."

आईने मान उशीवर नीट टेकवली आणि पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "मदी मदी मला झोप लागलीती."